साखरखेर्ड्याच्या फळ्यावरचं क्रियाविशेषण

वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते लढाईमुळे. ऑक्टोबर १७२४मध्ये इथे निजाम-उल-मुल्कानं मुबारिझखानाला हरवलं. मुबारिझखान लढाईत मारला गेला आणि गावाला फतेहखेर्डा असं विजयाचं नाव मिळालं. हैदराबादच्या आसफजाही राज्याची सुरुवात इथून धरतात. माझा विषय इंग्रजी. या भागातल्या मराठी शाळेत मी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली, आणि त्या लढाईचं माझ्या फळ्याशी नातं आहे असं मला कायम वाटत आलं आहे. लढाईनंतर वऱ्हाडावर निजामाचा हक्क पक्का झाला. दरबारचे कागद फारसीत, गावचा हिशेब मोडी मराठीत. १८५३च्या तहानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि कचेरीच्या मागोमाग इंग्रजी आली. १९०३पासून आम्ही मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेले, १९५६ला मुंबई राज्यात, १९६०ला महाराष्ट्रात. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी मराठी चौथी झाली की अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत इंग्रजीची मुळाक्षरं गिरवायची. माझे विद्यार्थी बरीच वर्षं पाचवीत इंग्रजीला हात घालत. जून २०००पासून ती पहिलीतच आली.

इंग्रजी कोणत्या इयत्तेत यावी हे सरकारं ठरवत गेली. वह्यांतल्या काही चुका मात्र पिढ्यानपिढ्या त्याच राहिल्या. ‘शी लुक्स ब्युटिफुली.’ ‘ही रन्स फास्टली.’ ‘माय फादर वर्क्स हार्डली.’ शेवटच्या वाक्यात पोरानं बापाचं कौतुक करायला घेतलं होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, बाप जेमतेमच काम करतो. दिवसभर कपाशीत राबणाऱ्या माणसाबद्दल! अशा वाक्यावर नुसती लाल फुली मारून पुढे जाणं मला कधी जमलं नाही. या चुका आळसातून होत नाहीत. पोरं विचार करून चुकतात, आणि त्यांच्या विचारामागे दोन भाषांचा मोठा इतिहास उभा आहे.

आधी आपल्या बाजूचा पाहू. संस्कृतातल्या निरुक्तकार यास्कानं शब्दांचे चार वर्ग सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. त्यांत विशेषणाला वेगळं घर नाही, ते नामाच्याच घरात राहतं. क्रियेचं विशेषण सांगायचं तर संस्कृतात तोच शब्द नपुंसकलिंगी, एकवचनी, द्वितीयेत ठेवायचा: ‘शीघ्रं गच्छति’. मराठीनं ही रीत सोडलेली नाही. मुलगा चांगला, मुलगी चांगली. पण मुलगी ‘चांगलं’ गाते. क्रियेला लिंग नाही म्हणून शब्द नपुंसकात गेला. मात्र आमच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, कोणी सांगतो, ‘बैल चांगला पळतो’, आणि गाडीवाला म्हणतो, ‘गाडी चांगली पळते.’ वर्णन पळण्याचं, पण शब्दाचं रूप बैलाप्रमाणे आणि गाडीप्रमाणे बदललं. म्हणजे आपल्या भाषेत विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यामध्ये कुंपण आहे, पण त्याला जागोजागी वाट ठेवलेली आहे. या वाटेनं सहज ये-जा करणारं पोर इंग्रजीच्या दारात अडखळलं तर नवल काय?

मग शाळेत आपण विशेषण आणि क्रियाविशेषण अशा दोन स्वतंत्र जाती शिकतो, त्या कुठून आल्या? इथे दादोबा पांडुरंग तर्खडकरांपाशी यावं लागतं. १८१४ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसानं बाविशीत, १८३६ साली, मराठीचं व्याकरण छापलं. विल्यम केरीनं १८०५ला मराठीचं व्याकरण काढलं होतं, पण ते इंग्रजीत आणि परक्यांसाठी. दादोबांनी मराठी मुलांसाठी मराठीत लिहिलं. संस्कृत त्यांच्या पाठीशी होतं, पण पुस्तकाचा घाट त्यांनी त्या वेळच्या इंग्रजी व्याकरणांवरून घेतला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि पुढची अव्ययं अशा ज्या आठ जाती आपण घोकतो, त्या या मांडणीतून आपल्या शाळेत रुजल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या व्याकरणाची कसून चिकित्सा केली. १९११ला मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सगळा विषय पुन्हा खोलात जाऊन तपासला. तरी आठ जातींचा सांगाडा टिकला. साखरखेर्ड्याचं पोर मराठीच्या तासाला क्रियाविशेषण शिकतं, तेव्हा इंग्रजीची चौकट त्याच्या हाती आधीच आलेली असते. इंग्रजीच्या तासाला आम्हीच ती त्याला परकी म्हणून दाखवतो, याचं मला वाईट वाटतं.

आता इंग्रजीची बाजू. ‘फास्टली’ का नाही, असं पोरगं विचारतं तेव्हा ‘अपवाद आहे, पाठ कर’ हे उत्तर त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’ लावला की क्रियाविशेषण होई. पुढे शब्दांच्या टोकाचा तो ‘ए’ उच्चारातून गळाला आणि ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘लाँग’ यांची दोन्ही रूपं सारखीच उरली. म्हणून ‘ही रन्स फास्ट’. हे शब्द नियम मोडत नाहीत, जुना नियम पाळतात. ‘-ली’चं मूळही ऐकण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत ‘लिच’ म्हणजे शरीर, आकार. त्यावरून ‘त्यासारखा’ या अर्थाचा विशेषणाचा प्रत्यय झाला, आणि त्याला ‘ए’ लागून क्रियाविशेषणाचा. दोन्ही झिजून ‘-ली’ झाले. म्हणून ‘स्लोली’ क्रियाविशेषण आणि ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’ विशेषणं. शेपूट पाहून जात ठरवायला गेलं की फसगत होते, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली की त्यांचे डोळे चमकत. सतराव्या-अठराव्या शतकात चांगले इंग्रज लेखकसुद्धा ‘एक्सीडिंगली गुड’ऐवजी ‘एक्सीडिंग गुड’ लिहीत. १७६२ला रॉबर्ट लाउथचं व्याकरण आलं, १७९५ला लिंडले मरेचं. त्यांनी असं लिहिणं अशुद्ध ठरवलं. मरेचं पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत घरोघर गेलं आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी शाळांतही आलं. ज्या काटेकोर नियमावर आमच्या मुलांचे गुण कापले जातात, त्याला शाळेत एवढा मान मिळाला तो साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर. नियम पाळायचाच, परीक्षेत, अर्जात, नोकरीत तो लागतो. पण तो माणसांनी, एका ठरावीक काळी घालून दिला हे कळलं की त्याची धास्ती जाते.

महाराष्ट्रात हा नियम सामान्य घरांपर्यंत नेला तो द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’नं. तीन भागांचं हे पुस्तक जुनी मंडळी नुसतं ‘तर्खडकर’ म्हणून ओळखत. शब्द द्यायचे, नियम मराठीत सांगायचा, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी करून घ्यायचं, ही त्याची रीत. पुढे नेस्फील्डचं इंग्रजी व्याकरण आलं, १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला माणूस, ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचा लेखक. ही पुस्तकं पक्की, पण इंग्रजीतून इंग्रजी समजावणारी. पाठांतराचा अतिरेक झाल्यावर भाषांतराची पद्धत बदनाम झाली आणि संभाषणावर भर आला. तो यायलाच हवा होता. पण त्यासोबत दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची तर्खडकरी सवयही सुटली. ती मला मोलाची वाटते.

ती का, हे एका उदाहरणानं दाखवते. गाइडांत नियम असतो: क्रियापदाला ‘कसे’ विचारा, उत्तर येईल ते क्रियाविशेषण. आता विचारा. ती कशी गाते? गोड. ती कशी दिसते? सुंदर. दोन्हीकडे प्रश्न एकच, म्हणून पोरगी प्रामाणिकपणे ‘शी लुक्स ब्युटिफुली’ लिहिते. मी फळ्यावर दुसरी कसोटी मांडत असे: क्रियापद काढून तिथे ‘आहे’ घाला. ‘ती सुंदर दिसते’चं ‘ती सुंदर आहे’ झालं. दिसण्याचा भाग गेला, पण सुंदर तीच राहिली. इथे विशेषण हवं: ‘शी लुक्स ब्युटिफुल’. ‘ती गोड गाते’चं ‘ती गोड आहे’ केलं तर गोडवा गळ्यातून निघून स्वभावात गेला, म्हणजे अर्थ पालटला. इथे क्रियाविशेषण हवं: ‘शी सिंग्ज स्वीटली’. मग आंबा. ‘आंबा गोड लागतो’, ‘आंबा गोड आहे’. आंबा गोडच, म्हणून ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’. मागच्या बाकावरची, लई बुजरी पोरंसुद्धा या खेळात हात वर करत, कारण निवाडा त्यांच्याच मराठीच्या जोरावर व्हायचा. बोलीतलं वाक्य आणलं तरी चालायचं. ‘भाकर कडक लागून राहिली’ यावर वर्गात वाद झाला आणि ‘कडक’ हे भाकरीचं विशेषण आहे असा निकाल मुलांनीच दिला.

पहिलीपासून इंग्रजी आली याचा मला आनंद आहे. शहरातल्या मुलाला जे मिळतं ते आमच्या मुलांना लवकर मिळायलाच हवं. दहावीच्या पेपरात भाषांतराचा छोटा प्रश्न आहे, तोही इंग्रजीतून मराठीत. माझं मागणं त्यापुढचं आहे. व्याकरणाचा प्रत्येक नियम मुलांना त्याच्या वयासकट सांगा, आणि आठवड्यातला एक तास दोन्ही भाषा एकाच फळ्यावर येऊ द्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दादोबांचं आणि पाठमालेचं नाव यावं. आपल्या लोकांनी हे काम केव्हाच सुरू केलं आहे, हे नव्या शिक्षकाला कळावं. खेड्यातल्या मुलाची मराठी त्याच्या इंग्रजीच्या आड येते, असं मी फार ठिकाणी ऐकलं. माझ्या वर्गाचा अनुभव उलटा आहे. ज्याला ‘चांगला’ आणि ‘चांगलं’ यांतला फरक उमगला, त्याला ‘गुड’ आणि ‘वेल’ शिकवायला मला कधी फार वेळ लागला नाही.