झिजण्यासाठी घडवलेली वस्तू

लेखनसाहित्याच्या शौकिनांमध्ये फाउंटन पेनाचा थाट वेगळा असतो, आणि ते समजण्यासारखंही आहे. चांगलं पेन नातवापर्यंत पोहोचतं, वही लिहून भरली की तिचं मोल वाढतं, शाईच्या बाटलीलाही रंगाची आणि नावाची ऐट असते. खोडरबराकडे यातलं काहीच नाही. ते वापरावं तितकं संपत जातं आणि त्याने केलेलं काम कागदावर दिसत नाही. दिसलं, तर काम बिघडलं असं समजायचं. तरीही जपानी खोडरबरं आवडीने शोधणारे, पारखणारे, जमवणारे लोक जगभर आहेत. जपानी माल गोंडस असतो, म्हणून लोक भाळतात, असं याचं कारण सहसा सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. गोंडस खोडरबरं कुठल्याही देशात साच्यातून काढता येतात. जपानी कारखानदारांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत वेगळं काम केलं. इतरांनी खोडरबराचं झिजणं ही त्याची उणीव मानली, यांनी त्यालाच घडणीचा विषय केलं. दुकानात ते कसं दिसेल याइतकाच विचार अर्धं संपल्यावर ते कसं दिसेल, कसं वागेल याचा झाला.

खोडरबराचा जन्म मात्र जपानमधला नव्हे. अठराव्या शतकापर्यंत युरोपात पेन्सिलीच्या रेघा पावाच्या मऊ गराने पुसत. 1770 मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने चित्रकलेतल्या यथार्थदर्शनावरच्या पुस्तकात एका नव्या पदार्थाची नोंद केली. लंडनमधला उपकरणं बनवणारा एडवर्ड नेर्न हा पदार्थ विकत असे, अर्ध्या इंचाच्या ठोकळ्याला तीन शिलिंग या दराने. हा पदार्थ म्हणजे झाडाच्या चिकापासूनचं रबर. ते उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर तापवून रबर स्थिर करायची युक्ती शोधली, तेव्हा कुठे ते भरवशाचं झालं. 1858 मध्ये अमेरिकेत हायमन लिपमनने पेन्सिलीच्याच टोकात रबर बसवण्याचं पेटंट घेतलं. पुढे 1875 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, दोन जुन्या वस्तू एकत्र जोडणं म्हणजे शोध नव्हे, असं म्हणून ते रद्द ठरवलं. या साऱ्या काळात खोडरबर हे पेन्सिलीचं शेपूट राहिलं. मूळ वस्तू पेन्सिल, आणि हे तिच्यामागून चुका सांभाळणारं.

हे चित्र बदललं ते पदार्थ बदलल्यामुळे. ओसाकाच्या सीड कंपनीने 1956 मध्ये पीव्हीसीपासून प्लॅस्टिकचं खोडरबर बनवलं. जगातलं असं पहिलं खोडरबर आपलंच, असं ही कंपनी सांगते. पीव्हीसी मुळात कडक, त्याला मऊ ठेवण्यासाठी तेलकट द्रव्य मिसळावं लागतं आणि भरीला खडूसारखी बारीक पूड घालतात. पेन्सिलीचं शिसं कागदाच्या तंतूंमध्ये अडकून बसलेलं असतं. हा मऊ पदार्थ घासला की शिशाचे कण कागद सोडून त्याला चिकटतात. मग तो मळलेला थर भुगा होऊन गळून पडतो आणि खालचा स्वच्छ थर उघडा होतो. थर वेळेवर सुटला नाही, तर तेच शिसं पुन्हा कागदावर फासलं जातं आणि राखाडी डाग पडतो. जुन्या रबराची नेमकी ही खोड होती. म्हणजे चांगलं खोडरबर म्हणजे योग्य वेगाने झिजणारं खोडरबर. फार लवकर झिजलं तर पैसे वाया, झिजलंच नाही तर कागद वाया. ‘नॉन-डस्ट’ हे नाव आपल्याकडच्या दप्तरांतही रुळलेलं आहे, पण जपानमध्ये भुगा किती, केवढा, सुटा की एकमेकांना चिकटून राहणारा, यावरच कंपन्यांची चढाओढ लागली. हिनोदेवाशी कंपनीच्या ‘मातोमारु-कुन’ या खोडरबराची ख्यातीच अशी, की त्याचा भुगा विखुरत नाही, गोळा होऊन राहतो. कुत्सुवा कंपनीने तर खोडरबरातच लोहाची पूड घातली आणि त्याच्या डबीला चुंबक बसवलं, म्हणजे टेबलावरचा भुगा डबी फिरवून उचलून घ्यावा. याला कोणी अतिरेक म्हणेल, पण खोडल्यानंतर काय उरतं हा प्रश्न त्याआधी कोणी इतक्या मनावर घेतला नव्हता.

त्या तेलकट द्रव्याचा एक तोटाही आहे. कंपासपेटीत प्लॅस्टिकच्या पट्टीला खोडरबर चिकटून बसतं आणि सोडवल्यावर पट्टीवर खड्डा राहतो, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. म्हणून प्लॅस्टिकच्या खोडरबराला कागदी वेष्टन लागलं, आणि जपानी खोडरबराची ओळख त्या वेष्टनावरच घडली. टोंबो कंपनीने 1967 मध्ये ‘मोनो 100’ या आपल्या उंची पेन्सिलींच्या डझनाबरोबर एक खोडरबर भेट म्हणून दिलं. भेटवस्तूलाच इतकी मागणी आली की 1969 मध्ये ते स्वतंत्रपणे विकायला काढावं लागलं. त्याचे निळा, पांढरा आणि काळा हे तीन पट्टे आज जपानमध्ये कोणीही ओळखतं. जपानी कायद्याने नुसत्या रंगांना व्यापारचिन्ह म्हणून मान्यता देण्याची वाट 2015 मध्ये मोकळी केली आणि 2017 मध्ये जी पहिली रंगचिन्हं नोंदवली गेली, त्यांत हे तीन पट्टे होते. पुढे कळून आलं की जोर लावून खोडताना हे वेष्टनच खोडरबराला घातक ठरतं. कागदाची धार मऊ अंगात रुतते, तिथे चीर पडते आणि तुकडा मोडतो. मग मोनोच्या वेष्टनाचे कोपरे छाटले गेले. साकुरा क्रेपास कंपनीने आपल्या वेष्टनाची कडाच कमानीसारखी कापली आणि खोडरबराला नावही ‘आर्च’ दिलं. दोन पैशांच्या कागदाला दिलेली ही कात्री मला सगळ्या रंगीबेरंगी नमुन्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते. ती मारणाऱ्याने खोडरबर नवं असतानाचं नव्हे, तर निम्मं झाल्यावर वाकतानाचं पाहिलेलं असणार.

ही कळकळ नुसत्या हौसेतून आलेली नाही. जपानी प्राथमिक शाळेत पेन्सिल हेच लिहिण्याचं साधन असतं आणि कांजी या जपानी चिन्हलिपीतल्या अक्षराच्या एकेका चौकोनात कधी कधी पंधरा-वीस रेघा बसवायच्या असतात. एक रेघ चुकली तर शेजारच्या रेघा शाबूत ठेवून तेवढीच खोडावी लागते. 1979 पासून राष्ट्रीय विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली, आणि तिच्या उत्तरपत्रिका यंत्र वाचत असे. अर्धवट पुसलेलं वर्तुळ यंत्राला भरलेलं वाटण्याची धास्ती, त्यामुळे ‘नीट खोडलं जाणं’ हा लाखो मुलांच्या गुणांचा प्रश्न झाला. प्लॅस्टिकच्या खोडरबरासाठी जपानमध्ये औद्योगिक मानकही आहे. ठरावीक दाबाने घासल्यावर पेन्सिलीची खूण किमान 80 टक्के निघाली पाहिजे, अशी त्याची अट. अशा मागणीतून आलेल्या गिऱ्हाइकाला खोडरबरातला फरक बोटांनी कळतो. शौकीन वर्ग त्यातूनच निपजला.

आता ‘कादोकेशी’ पाहा. नव्या खोडरबराच्या कोपऱ्याने बारीक खोडता येतं, पण कोपरे असतात आठच आणि दोन दिवसांत ते बोथट होतात. हिदेओ कानबारा या डिझायनरने कोकुयो कंपनीच्या स्पर्धेत यावर तोड सुचवली आणि 2003 मध्ये ती बाजारात आली: दहा छोटे घन एक आड एक जोडलेले, एकूण 28 कोपरे. एक कोपरा झिजला की पुढचा तयार. प्लस कंपनीचं फुजी पर्वताचं खोडरबर याच विचाराचं दुसरं टोक. त्यात आत पांढरा आणि वर निळा असे थर असतात; घासत गेलं की निळा उतरून बर्फाच्छादित शिखर वर येतं. इथे झीज सोय राहत नाही, तीच चित्र काढते. साबणाची वडीही झिजते, पण ती झिजल्यावर काय दिसेल हे कोणी आधी ठरवलेलं नसतं.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे चाळे आहेत. कादोकेशीचे घन जोर लावला की मोडतात, आणि खरा पारखी शेवटी सीडच्या 1968 पासून चालत आलेल्या साध्या ‘रडार’कडे किंवा जर्मन स्टेडलरच्या पांढऱ्या ठोकळ्याकडे वळतो. यात तथ्य आहे. खोडण्याच्या कामात साधा ठोकळा हरत नाही, आणि प्लॅस्टिकच्या उत्तम खोडरबरांवर जपानची मक्तेदारीही नाही. पण खोडलं जाणं एवढाच निकष धरला, तर एकाच ठोकळ्यावर शोध थांबायला हवा होता. तो थांबला नाही, कारण एकदा पदार्थ सुधारला की उरतो तो वापराच्या तपशिलांचा प्रश्न. टोंबोच्या ‘मोनो झीरो’त पेनासारख्या नळीतून 2.3 मिलिमीटर जाडीची कांडी बाहेर येते, ती एक अक्षर उडवण्यासाठी. अख्खं पान पुसायला ती निरुपयोगी, आणि तो तिचा दोष नाही. एकाच मालाच्या इतक्या जाती शेजारी शेजारी असल्या की त्यांची तुलना करण्यात रस वाटू लागतो. शौक म्हणतात तो हाच.

खरा अवघड आक्षेप दुसरा आहे. जपानी खोडरबरांतली सर्वांत गाजलेली खोडरबरं खोडतच नाहीत! 1977 च्या आसपास जपानी मुलांना परदेशी स्पोर्ट्स कारचं वेड लागलं आणि त्या गाड्यांची छोटी खोडरबरं घरोघरी आली. मुलं ती टेबलावर ठेवून ‘बॉक्सी’ बॉलपेनाच्या स्प्रिंगने टोला मारून पळवत. 1983 पासून बांदाई कंपनीने ‘किन्निकुमान’ या कुस्तीच्या मांगातल्या, म्हणजे जपानी चित्रकथेतल्या, पैलवानांच्या बाहुल्या नाणं टाकून फिरवायच्या यंत्रांतून विकल्या. त्यांचे 418 नमुने निघाले आणि सुमारे 18 कोटी नग खपले. त्यांना नाव मिळालं ‘किनकेशी’, म्हणजे किन्निकुमानची खोडरबरं. ती कागदावर घासली तर कागद काळा व्हायचा. माझ्या म्हणण्याला ही परंपरा छेद देते, हे मान्य केलं पाहिजे. इथे झीज नाही, उलट मालक वस्तूला जपतो. पण मग यांना खेळणी न म्हणता खोडरबरं का म्हणायचं? खेळण्याला दप्तरात जागा नसते, खोडरबराला असते. नावापुरतं का होईना, ते कामाच्या वस्तूच्या परवान्यावर वर्गात शिरलं. साइतामातल्या याशिओ गावी इवाको कंपनी 1988 च्या सुमारास भाज्यांची खोडरबरं काढू लागली, तेव्हा तिने या परवान्याला थोडा प्रामाणिकपणा दिला. तिची गाजरं, सुशी, प्राणी वेगवेगळ्या रंगांच्या सुट्या भागांचे असतात, गोंद न लावता एकमेकांत बसवलेले. सोडवा, पुन्हा जोडा. वाटलं तर खोडाही, पण तसं करणारं मूल विरळा.

झीज लोकांच्या मनात किती खोल बसली आहे, हे मुलांच्या एका समजुतीत दिसतं. नव्या खोडरबरावर आवडत्या व्यक्तीचं नाव लिहायचं, वेष्टन चढवायचं आणि कोणाच्याही दृष्टीस न पडता ते पूर्ण वापरून संपवलं, तर प्रेम सफल होतं. 2019 मध्ये सुरू झालेली ‘किएता हात्सुकोइ’ ही मांगा अशाच एका उसन्या खोडरबरावरच्या नावातून होणाऱ्या घोटाळ्याने उघडते. नवसाची अट संपवण्याची आहे, जपून ठेवण्याची नाही. नान्सी सेकी (1962–2002) या आओमोरीच्या लेखिकेने मात्र खोडरबर उलट कामाला लावलं. टीव्हीवरच्या प्रसिद्ध लोकांचे चेहरे तिने खोडरबरावर कोरले, त्यांचे ठसे आपल्या खवचट सदरांबरोबर छापले, आणि खोडरबराचे शिक्के कोरणं हा छंद म्हणून रूढ झाला. आज त्यासाठी दोन रंगांचे वेगळे ठोकळे मिळतात, म्हणजे कोरलेला भाग लगेच दिसतो. तिथेही महत्त्व काढून टाकलेल्या भागालाच.

प्लॅस्टिकचा हा भुगा शेवटी कचऱ्यातच जातो, आणि पीव्हीसी काही मातीत मिसळत नाही. पर्यावरणाच्या अंगाने घेतलेल्या या आक्षेपाला शौकिनांकडे समाधानकारक उत्तर नाही. पीव्हीसी टाळून बनवलेली खोडरबरं आता जपानमध्येही निघतात. आणि जे शौकीन खोडरबरं वापरतच नाहीत, पाकिटासकट मांडून ठेवतात, त्यांनाही पीव्हीसीचा मूळ स्वभाव सांभाळावाच लागतो. वर्षं गेली की मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर झिरपतं, खोडरबर कडक होतं, शेजारच्या प्लॅस्टिकला चिकटतं, त्यात रुततं. म्हणून संग्रहातल्या खोडरबरांना प्लॅस्टिकच्या डब्यात एकमेकांना खेटून ठेवू नये, प्रत्येकाला कागदात गुंडाळावं.