बाल्टिकवरील रात्रीच्या बोटी

उत्तर युरोपचा नकाशा समोर पसरला, की कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम, हेलसिंकी आणि टालिन या पाच राजधान्या पाण्याच्या काठाकाठाने बसलेल्या दिसतात. त्या एका प्रवासात पाहावयाच्या म्हणजे रोज नवे हॉटेल आणि रोज नवा विमानतळ, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तेथील माणसे पिढ्यान् पिढ्या निराळ्या वाटेने जात आली आहेत. संध्याकाळी बोटीत बसावे, केबिनमध्ये झोप काढावी आणि सकाळी दुसऱ्या देशाच्या धक्क्यावर उतरावे. स्टॉकहोमहून हेलसिंकीस जमिनीवरून जावयाचे तर बॉथनियाच्या आखाताला उत्तरेकडून वळसा घालावा लागतो आणि दीड हजार किलोमीटरांहून अधिक मजल पडते. बोट मात्र एका रात्रीत पैलतीर गाठते.

या वाटा निसर्गाने दिल्या खऱ्या, पण त्या उघड्या ठेवल्या वा बंद केल्या त्या माणसांनी. म्हणून प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी त्यांचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

बाल्टिक हा जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेला समुद्र. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्या एवढाच त्याचा महासागराकडचा दरवाजा. नद्यांच्या पाण्यामुळे तो फारसा खारट नाही, म्हणून त्याचा उत्तरेकडील भाग हिवाळ्यात गोठतो. भरती-ओहोटी तेथे नावापुरतीच. त्यामुळे शहराच्या ऐन मध्यात धक्के बांधता आले. या समुद्रावर मध्ययुगात हान्सा नावाच्या व्यापारी नगरांच्या संघाने आपले जाळे विणले. ल्यूबेक हे त्याचे मुख्य नगर. टालिनला 1248 मध्ये ल्यूबेकचाच नगरकायदा मिळाला. पुढे टालिनचा व्यापार आपल्याकडे ओढावा या हेतूने स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने 1550 मध्ये समोरच्या किनाऱ्यावर हेलसिंकी वसविले. आज ज्या दोन शहरांमध्ये दिवसभर बोटी ये-जा करतात, त्यांतील धाकटे शहर थोरल्याच्या ईर्ष्येतून जन्मले, ही गोष्ट गमतीची खरी.

स्टॉकहोम आणि फिनलंड यांच्यामधील वाट आधी टपालाची होती. 1638 मध्ये स्वीडनने स्टॉकहोमपासून ऑलंड बेटांवरून फिनलंडमधील तुर्कूपर्यंत टपालमार्ग सुरू केला. किनाऱ्यावरील आणि बेटांवरील शेतकऱ्यांनी उघड्या होड्यांतून टपाल पोहोचवावयाचे, असा नियम होता. हिवाळ्यात अर्धे पाणी आणि अर्धे बर्फ. तेव्हा होडी कधी वल्हवावयाची, कधी बर्फावरून ओढून न्यावयाची. या कामात कित्येकांनी प्राण गमावले. 1809 मध्ये फिनलंड रशियाच्या ताब्यात गेला आणि कालपर्यंत एका राज्याचा अंतर्गत असलेला हा मार्ग दोन साम्राज्यांची सीमा झाला. टपाल मात्र थांबले नाही. 1883 मध्ये फिनलंडची मोठी आगबोट कंपनी स्थापन झाली, आणि 1890 मध्ये मुर्ताया हे त्या देशाचे पहिले बर्फफोडे जहाज आले. हिवाळ्यातही वाट चालू ठेवण्याची हिंमत तेथून वाढत गेली.

हेलसिंकीचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले ते 1952 च्या ऑलिंपिकमुळे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी तेथेच कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्याच क्रीडामहोत्सवाच्या गर्दीसाठी म्हणून स्टॉकहोमच्या मार्गावर नव्या आगबोटी बांधण्यात आल्या. त्याच वर्षी नॉर्डिक नागरिकांना एकमेकांच्या देशांत पासपोर्टावाचून जाण्याची मुभा मिळाली आणि 1954 मध्ये कामगारांना परवान्यावाचून शेजारच्या देशात नोकरी करण्याची. फिनलंडमधील तरुण हजारोंनी स्वीडनच्या कारखान्यांत जाऊ लागले आणि सुट्टीत घरी परतू लागले. 1959 पासून मोटारी वाहून नेणाऱ्या बोटी या वाटेवर धावू लागल्या. आज ज्या बोटीत पर्यटक मौजेने हिंडतो, तिचा पाया या कामगारांच्या भाड्यावर उभा राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच काळात दक्षिणेची वाट मात्र बंद होती. 1944 मध्ये सोव्हिएत फौजा पुन्हा एस्टोनियात शिरल्या, तेव्हा हजारो माणसे मिळेल त्या होडीतून स्वीडनकडे पळाली. अनेक जण पोहोचले, अनेक बुडाले. त्यानंतर हेलसिंकी आणि टालिन यांच्यात अंतर राहिले 80 किलोमीटरच, पण नियमित बोट अशी नव्हती. ती पुन्हा सुरू झाली 1965 मध्ये. समोरासमोरच्या किनाऱ्यांवर एकाच भाषाकुळातील माणसे राहत होती आणि वीस वर्षे त्यांना पाणी ओलांडता आले नाही. यावरून, वाट कोणी बंद केली, हे वेगळे सांगावयास नको.

1991 मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. टालिन ते स्टॉकहोम या वाटेवर त्या देशाचेच नाव धारण करणारी मोठी बोट धावू लागली. 28 सप्टेंबर 1994 च्या रात्री, वादळी हवेत, ती बुडाली. बोटीवर 989 माणसे होती; त्यांतील 852 मृत्युमुखी पडली. नाळेवरील, वर उचलून उघडावयाच्या पोलादी दरवाजाची कुलपे लाटांच्या माऱ्याने तुटली, दरवाजा गळून पडला आणि पाणी मोटारींच्या मजल्यावर शिरले. असा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो. आडव्या भिंती नसल्यामुळे पाणी एका बाजूला धावते आणि बोट कलंडते. 1996 मध्ये उत्तर युरोपच्या देशांनी स्टॉकहोम येथे करार केला, की मोटारींच्या मजल्यावर अर्धा मीटर पाणी आले तरी बोट तरली पाहिजे. आजचा उतारू निर्धास्त झोपतो, त्यामागे त्या 852 माणसांचा हिशेब आहे.

इतिहासाची आणखी एक खूण उतारूला मध्यरात्री भेटते. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील बोट ऑलंडच्या बंदरात थोडा वेळ थांबते, आणि अनेकांना त्याचे कारण उमगत नाही. ऑलंडला 1921 मध्ये राष्ट्रसंघाच्या निर्णयाने स्वायत्तता मिळाली. पुढे युरोपीय संघात जाताना ही बेटे कराच्या क्षेत्राबाहेर राहिली. 1999 मध्ये संघांतर्गत प्रवासातील करमुक्त विक्री बंद झाली. परंतु ऑलंडला स्पर्श केलेल्या बोटीवर ती चालू राहिली. त्या विक्रीतून बोटीला मोठी मिळकत होते आणि म्हणूनच तिकीट पुष्कळदा हॉटेलच्या खोलीहून स्वस्त पडते.

आता बेताकडे वळू. कोपनहेगनहून ऑस्लोस रात्रीच्या बोटीने जावे. ऑस्लोहून स्टॉकहोमला दिवसा आगगाडीने जावे, स्टॉकहोमहून हेलसिंकीस पुन्हा रात्रीची बोट धरावी. हेलसिंकी ते टालिन दोन-अडीच तासांचेच पाणी. ते दिवसा ओलांडावे. टालिनहून स्टॉकहोमला रात्रीच्या बोटीने परतावे. तीन रात्री समुद्रावर गेल्या, तेवढ्या रात्रींचे हॉटेल वाचले. फिनलंड आणि एस्टोनिया यांची घड्याळे स्वीडनपेक्षा एक तास पुढे असतात, हे सुटण्याची वेळ पाहताना ध्यानात ठेवावे. स्टॉकहोम सोडल्यावर बोट काही तास हजारो लहानमोठ्या बेटांमधून वाट काढते. तेवढा वेळ केबिनमध्ये दवडू नये. या पाचही देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा पुरतो. नाणी मात्र फिनलंड आणि एस्टोनियात युरो, इतरत्र निरनिराळे क्रोन.

आणि एक सूचना. वेळापत्रक जुन्या पुस्तकावरून घेऊ नये. रीगा ते स्टॉकहोम ही रात्रीची बोट अनेक वर्षे चालली आणि 2020 च्या महासाथीत थांबली. बाल्टिकवरील वाट कायमची असते, असे त्या किनाऱ्यावरचा कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. दोन्ही काठांना एकमेकांचा विश्वास वाटतो तोवर ती चालते. टपालाची होडी ओढणाऱ्या शेतकऱ्यापासून आजच्या खलाशापर्यंत ती चालू ठेवणारे हात पुष्कळ झाले. आपल्यापैकी जे कोणी जातील, त्यांनी सकाळी धक्क्यावर उतरताना त्या हातांची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.