सहाणेवरचे चंदन

गणपतीला आपण रक्तचंदनाचे गंध लावतो आणि रोजच्या पूजेत पांढऱ्या चंदनाचे. नाव सारखे असले तरी ही झाडे अगदी निराळी. रक्तचंदन आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांतले. त्याचा मान रंगासाठी. सुगंधी चंदन मुख्यतः म्हैसूरकडच्या रानांतले. ते आपली मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना जोडून पोषण घेते. सुवास असतो आतल्या गाभ्यात आणि तो गाभा भरायला दशके लागतात.

आयुर्वेदाने चंदन शीत व दाहशामक मानले. म्हणून आपल्या घरांतून घामोळ्यांवर त्याचा लेप, डोके तापले की कपाळावर गंध. मुका मार लागून सूज आली तर रक्तचंदन उगाळायचे. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा यांच्याबरोबर चंदनाची पूड असे. देव, औषध आणि शृंगार, तिन्हींची सोय सहाणेवर होई.

या झाडावर राजसत्तेची नजर जुनी. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले. ही मक्तेदारी पुढे वडियारांनी व नंतरच्या सरकारांनीही चालवली. म्हैसूरचे बरेच लाकूड जर्मनीला जाई. तिथल्या तेलाला युरोपात मूत्रमार्गाच्या विकारांवरचे औषध म्हणून मागणी होती. पेनिसिलिन आल्यावर ती ओसरली. पहिल्या महायुद्धात निर्यात अडली, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात, १९१६ मध्ये, संस्थानातच तेल काढणे सुरू झाले. १९१८ मध्ये म्हैसूर सँडल साबण आला आणि चंदन न्हाणीघरात पोहोचले.

पण तेलासाठी झाड मुळासकट उपटावे लागते, कारण मुळांतही भरपूर तेल असते. सहाणेवर मात्र वीतभर खोड वर्षानुवर्षे पुरते. आजीचे खोड नातसुनेच्या हाती येते. तोड आणि चोरी यांमुळे रानातले चंदन विरळ झाले. २००१ मध्ये कर्नाटकाने कायदा बदलून जमीनमालकाला झाडाची मालकी दिली, तेव्हा शेतात लागवड वाढू लागली.

आज ‘चंदन’ लिहिलेल्या कित्येक वस्तूंत चंदन नसतेच, नुसता कृत्रिम वास असतो. खरे कोणते हे ओळखणारे नाक सहाणेपाशीच तयार होते. यंदा गंध उगाळताना मुलांना जवळ बसवा, खोड त्यांच्या हाती द्या आणि दोन्ही चंदनांतला फरक दाखवा. तेवढी ओळख घरात टिकली तरी पुष्कळ झाले.