जाधवगड : पिलाजीरावांची गढी, आज लग्नाचं अन् मुक्कामाचं ठिकाण

सासवड रस्त्यानं दिवे घाट चढून वर आलं की पुरंदर तालुका लागतो. अंजीर अन् सीताफळाचा हा मुलूख. माउलींची पालखी याच घाटानं सासवडला जाते. घाटमाथ्यापासून जवळच जाधववाडीत जाधवगड उभा आहे.

कोणी बांधला?
सरदार पिलाजीराव जाधवराव यांनी 1710 साली ही गढी बांधली. ते छत्रपती शाहू महाराजांच्या पदरचे मातब्बर सरदार. थोरल्या बाजीरावांच्या उत्तरेतल्या मोहिमांतही ते होते.

गढी म्हणजे काय?
डोंगरी किल्ला वेगळा, गढी वेगळी. गढी म्हणजे तटबंदी असलेला मोठा वाडाच. साधारणपणे खाली दगडी जोतं, वर विटा नाहीतर पांढरी माती, कोपऱ्याला बुरूज, मोठ्या दरवाजात माणसापुरता दिंडी दरवाजा अन् आत चौक. वेढा पडला तर चार दिवस तग धरता यावा म्हणून पाणी अन् धान्य साठवायची सोय आतच असायची.

आज काय चालतं?
हॉटेल व्यवसायातले विठ्ठल कामत यांनी गढी दुरुस्त करून तिथं हॉटेल सुरू केलं. आता तिथं लग्नं लागतात, कंपन्यांच्या बैठका होतात, पुण्या-मुंबईची मंडळी मुक्कामाला येतात. आत 'आई' नावाचं संग्रहालय आहे. जुनी भांडीकुंडी अन् घरातल्या वस्तू तिथं जपून ठेवल्यात. गड खाजगी असल्यानं जाण्याआधी फोन करून चौकशी करा, उगाच हेलपाटा नको.

आपल्याशी संबंध काय?
आपल्याकडं गावोगाव गढ्या अन् वाडे पडायला लागलेत. आमच्या गावच्या गढीची पांढरी माती लोकांनी माळवदावर टाकायला नेली, दगड बांधाला गेले. वारसदार वीस, पण एक मत नाही. लहानपणी ज्या बुरुजावर आम्ही चढायचो, तिथं आता नुसता ढिगारा आहे. पडल्यावर हळहळून काय उपयोग?

ज्यांचा वाडा अजून उभा आहे, त्यांनी एवढं बघावं :

1. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून नावं तपासा. सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या. तोंडी शब्दावर पुढं भांडणं होतात.

2. वास्तू राज्य संरक्षित असेल तर 1960 चा कायदा लागतो. पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय वीटसुद्धा हलवू नका.

3. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आतच कोंडते अन् भिंत फुगते. चुन्याचाच गिलावा करावा.

4. पावसाळ्याआधी माळवद अन् पन्हाळी बघा. भिंतीतली पिंपळाची रोपं लहान असतानाच काढा.

5. कार्यक्रमाला किंवा हॉटेलला द्यायचा असेल तर करार नोंदणीकृतच करा. मुदत, भाडं, दुरुस्तीचा खर्च कोणाचा अन् गावच्या पोरांना काम किती, हे सगळं त्यात लिहून घ्या.

प्रत्येक वाड्याचं हॉटेल होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण छप्पर शाबूत ठेवलं तर पुढचं काहीतरी करता येतं. यंदाच्या पावसाआधी एकदा माळवदावर चढून बघाच.