मालप्यासमोरील दगडी खांब

बंगळूरच्या इंदिरानगरात नोकरीनिमित्त राहणारी आम्ही मराठी मंडळी रजा मिळाली की उडुपीस जातो आणि श्रीकृष्णाचे दर्शन घेऊन परततो. काहीजण जवळच्या मालपे बंदरातून होडीने सेंट मेरी बेटही पाहून येतात. परंतु तेथील खडकाची आणि नावाची हकीकत फारसे कोणी विचारीत नाही.

या बेटावर दगडी खांबांची दाटी आहे. कोणी पंचकोनी, कोणी षट्कोनी. पाथरवटाने घडविल्यासारखे रेखीव. पण ही मनुष्याची करणी नव्हे. सुमारे साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून विलग होण्याच्या काळात, येथे लाव्हा उसळला. तो निवताना आकसला, त्यास भेगा पडल्या. त्या खोलवर जाऊन खडकाचे असे खांब झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, जिच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे, तीही अशाच खांबांची. पण तिचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. सह्याद्रीच्या ज्या काळ्या पाषाणाचा आम्हांस एवढा अभिमान, त्याहून हा फिकट दगड वडीलच म्हणावयाचा!

परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळविली, ही चिपळूणकडची कथा तुळुनाडूतही तितक्याच ममत्वाने सांगतात. बेटाची कथा मात्र निराळी. वास्को द गामा १४९८ साली प्रथम येथे उतरला, त्याने क्रूस रोवला आणि मग तो कालिकतास गेला, असे लोक सांगतात. त्या सफरीच्या रोजनिशीत क्रम उलटा आहे. मे महिन्यात कालिकत; परतताना सप्टेंबरात वाटेतील एका बेटावर बरोबर आणलेला दगडी स्तंभ उभारला, त्याचे नाव सांता मारिया. ते बेट हेच, असे मानतात.

लोककथेस खोटे पाडण्याची आम्हांस हौस नाही. कथेच्या जागी कथा असावी, इतिहासाच्या जागी इतिहास. परंतु जेथे निसर्गाने असंख्य खांब उभारले होते, तेथे एका पाहुण्याने आपला एक खांब रोवला आणि बेट त्या खांबाच्या नावाने जगास ठाऊक झाले! त्याचे तोन्सेपार हे स्थानिक नाव मागे पडले. बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांनी आपली पाटी लावण्यापूर्वी तेथील दगडाचे वय आणि तेथल्या माणसांच्या तोंडचे नाव विचारून घ्यावे, हे बरे.