तळ्याचा गाळ आणि तेलाचा शोध

वैशाखात गावचे तळे आटले म्हणजे गाळ न्यायला सारा गाव लोटतो. त्या वाळलेल्या गाळाचे ढेकूळ आपण कधी आडवे फोडून पाहिले आहे का? त्याचे पापुद्रे सुटतात. मधूनच काळसर थर दिसतो, त्याला कुजकट वास येतो. हा वास बुडाशी गाडल्या गेलेल्या शेवाळाचा. आज ज्या तेलाची हकीगत सांगणार आहे, ते अशाच गाळातून निघाले. मात्र ते तळे एखाद्या मोठ्या राज्याएवढे होते, आणि त्याला बुजूनही कोट्यवधी वर्षे लोटली आहेत.

हे तळे ईशान्य चीनमधले, आपण ज्याला मांचुरिया म्हणत असू त्या भागातले. भूवैज्ञानिक त्याला सोंगलियाव खोरे म्हणतात. विस्तार सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटर. पण तेथे तेल असेल असे फार दिवस कोणाला वाटले नाही. कारण काय, तर तेल समुद्राच्या गाळातच होते अशी शास्त्रज्ञांची पक्की समजूत. १९१४ पासून स्टँडर्ड ऑइल कंपनीने चीनच्या शेन्शी प्रांतात विहिरी खोदून पाहिल्या, पदरी निराशा आली. १९२२ साली एलियट ब्लॅकवेल्डर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने लिहून टाकले, की चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर तेल मिळायचे नाही. विद्वानाचा शब्द छापून आला म्हणजे तो किती वर्षे पाय अडवतो, बघा!

या समजुतीला पान चुंगश्यांग नावाच्या चिनी भूवैज्ञानिकाने धक्का दिला. अमेरिकेत शिकत असताना, १९४१ साली, त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. शेन्शी व सेच्वान येथले तेल समुद्राचे नसून भूमीवरच्या गोड्या पाण्याच्या गाळातले आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे १८ वर्षांनी, २६ सप्टेंबर १९५९ रोजी, सोंगलियाव खोऱ्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या विहिरीतून तेल उसळले. चिनी प्रजासत्ताकाचा दहावा वर्धापनदिन तोंडावर आला होता, म्हणून त्या क्षेत्राला दाचिंग, म्हणजे ‘महोत्सव’, असे नाव पडले. १९७६ ते २००२ अशी सलग २७ वर्षे तेथून दरसाल ५ कोटी टनांहून अधिक तेल निघाले.

आता खरी गंमत पुढेच आहे. हे तेल मिळाले ते वाळूच्या खडकात. वाळूच्या कणांत पोकळ्या असतात, तेल त्यांतून वाहते. परंतु ते तयार झाले होते शेजारच्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे सरोवराच्या घट्ट झालेल्या चिखलात. शेल ही तेलाची आई, आणि लेक वाळूच्या घरी नांदते, असे सारे मानत. विहीर खोदताना शेलमध्ये तेलाची चिन्हे दिसत, पण तिकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. तिच्या पोकळ्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. त्यातून तेल येणार कसे? आडव्या विहिरी खोदून जोरदार दाबाच्या पाण्याने खडक फोडण्याची विद्या हाती आली, तेव्हा प्रश्न पालटला. कोठली शेल फोडायची?

कारण सरोवराची शेल लहरी असते. समुद्राचा थर शेकडो मैल एकसारखा पसरतो. सरोवरात मात्र नदीच्या मुखाशी वाळू, काठाला मळी, आणि मध्यभागी, जेथे बुडाशी प्राणवायू पोहोचत नाही तेथे, काळा गाळ. म्हणून आधी सर्वांत खोल भाग शोधावा लागतो. मग तो गाळ शिजला आहे का, ते पाहायचे. चुलीवरच्या भातासारखेच हे. कमी शिजला तर कच्चा, अति शिजला तर करपतो, म्हणजे तेलाचा वायू होतो. खडकातल्या लाकडाच्या सूक्ष्म कणांची चकाकी मोजून किती आच लागली ते ठरवतात. त्याच भागातल्या फूशुनची शेल कच्ची राहिली होती. जपान्यांना ती १९३० पासून भट्टीत तापवूनच तेल काढावे लागले.

शिजलेली असूनही शेल मातकट असली तर फुटत नाही, दबते. वाळूचे वा चुन्याचे बारीक पापुद्रे मधे असले तर बरे. आणखी एक अडचण, नमुना वर आणेपर्यंत हलके तेल उडून जाते! म्हणून तो दाब धरून ठेवणाऱ्या नळीत बंद करून आणतात. नाही तर चांगला खडकही रिकामा ठरायचा.

अशा कसोट्या लावून दाचिंगजवळच्या गुलुंग भागात दोन-अडीच हजार मीटर खोलीवरची शेल निवडली गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेथे १२६.८ कोटी टन तेलाचा अंदाज जाहीर झाला. शाळेत हा आकडा सांगताना गुरुजींनी एक खुलासा जरूर करावा. हा जमिनीखालच्या साठ्याचा अंदाज आहे, हाती येणाऱ्या तेलाचा नव्हे. शेलमधून वर येतो तो त्यातला लहानसा हिस्सा.

पान यांचा वादही पुरता मिटलेला नाही. त्या सरोवरात अधूनमधून समुद्राचे पाणी शिरले होते, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. इतरांना ते पटत नाही.