तिन्ही ऋतूंतलं महेश्वर

इंदूरची माणसं महेश्वरला जातात ती डिसेंबर-जानेवारीत. शाळांच्या सहली तेव्हाच निघतात, लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटोही तेव्हाच काढले जातात. थंडीत नर्मदा संथ असते, घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत मोकळ्या असतात आणि नावाडी बाणेश्वराच्या बेटावर नेऊन आणतो. माझं आजोळ शेजारच्या मंडलेश्वरचं, म्हणून मला हे गाव उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही पाहायला मिळालं. होळकरांची ही जुनी राजधानी समजून घ्यायची तर एकटा हिवाळा पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

थंडीतल्या फोटोंत जे येतं त्यातलं पुष्कळसं खुद्द अहिल्याबाई होळकरांनी पाहिलेलं नाही. अहिल्येश्वराचं देऊळ त्यांच्या पश्चात यशवंतराव होळकरांनी बांधायला घेतलं आणि कृष्णाबाईंनी पुरं केलं. समोरची छत्री विठोजी होळकरांची. त्यांना १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. अहिल्याबाईंचं स्वतःचं घर वर किल्ल्यात आहे. लाकडी खांबांचा तो वाडा एखाद्या गावच्या पाटलाला शोभेल इतकाच आहे. चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या लेकीनं १७६७ पासून २८ वर्षं इथूनच राज्य चालवलं. आमच्या इंदूरचा सात मजली राजवाडा पाहून इथे आलं की हा साधेपणा फार जाणवतो.

उन्हाळ्यातलं महेश्वर वेगळंच. भेरूघाट उतरलं की माळवा संपतो आणि निमाड लागतो. मे महिन्यात इंदुरात निदान रात्री गच्चीवर वारा असतो. खाली निमाडात पारा ४४-४५ अंशांवर जातो. आजी आम्हाला बारानंतर ओसरी ओलांडू देत नसे.

इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी जुन्या माणसांकडून ऐकून अहिल्याबाईंचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. पहाटे उठून पूजा, पोथी ऐकणं, दानधर्म, मग जेवण. दुपारी दोनला दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. पूजाअर्चा आणि थोडा फराळ झाला की पुन्हा रात्री नऊ ते अकरा राज्याचं काम. उपासतापास आणि सणवार सोडले तर यात फरक पडत नसे. मेमधल्या दुपारी दोन वाजता त्या वाड्याच्या अंगणात उभं राहून बघावं. फरशीचा चटका चपलेतून लागतो. घरोघर माणसं आडवी झालेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी ही बाई लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसत असे.

माळव्याची गार हवा हाताशी असताना त्या इथे का राहिल्या? मला वाटतं, नर्मदेसाठी. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. एवढं सोसलेल्या बाईनं उकाड्याचा विचार करून गाव निवडलं नसणार.

पावसाळ्यात मात्र नदीच राज्य करते. सप्टेंबर २०२३ मध्ये घाट पाण्याखाली गेले होते. त्या काळी धरणं नव्हती, पूलही नव्हते. नर्मदेचे उतार बंद झाले की दक्षिण आणि हिंदुस्थान यांच्यातलं जाणं-येणं अडायचं. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला निघत त्या उगाच नव्हे. फौज तुकोजी होळकरांच्या हाताखाली, बहुधा मुलखाबाहेर. राजधानीत बाई, कारकून, विणकर आणि भिक्षुक. अहिल्याबाई गेल्या त्याही ऐन पावसाळ्यात, १३ ऑगस्ट १७९५ रोजी. आमच्या पंचांगात ती श्रावण वद्य चतुर्दशी, उत्तरेकडच्या पंचांगात भाद्रपद. इंदुरात त्या तिथीला पालखी निघते, भर पावसातही लोक रस्त्यावर थांबलेले असतात. त्या दिवशी मला महेश्वरला असावंसं वाटतं.

इंदूरकर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. आपलं शहर राजधानी झालं ते विजयानंतर नाही. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. होळकरांच्या बाजूनं तात्या जोग होते, इंग्रजांच्या बाजूनं तेच माल्कम. तेव्हा अल्पवयीन असलेल्या धाकट्या मल्हाररावांच्या नावानं कारभार इंदुरात आला, जवळच महूला इंग्रजांची छावणी पडली. यापुढे होळकरांनी स्वतःच्या मर्जीनं मोहीम काढण्याचा प्रश्नच उरला नव्हता. कोणत्या महिन्यात नर्मदेला उतार मिळतो, हे त्यांच्या दरबाराला विचारण्याचं कारणही संपलं.